चक्री भरेपर्यंत

धाकटीचा हात हलका आहे, हे त्या प्रयोगशाळेत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सुई शिरली कधी नि निघाली कधी, माणसाला कळायचंसुद्धा नाही. तोंड फिरवून, डोळे घट्ट मिटून बसलेले लोक "टोचा की आता" म्हणायचे, तेव्हा ती कापूस दाबत "उठा, झालं" म्हणायची. सत्तेचाळीस वर्षांची बाई, कानाजवळचे केस पांढरे झालेले, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. ते नाव दादामुळे पडलं. तो पहिल्यांदा तिला भेटायला तिथे आला तेव्हा दारातूनच गरजला होता, "आमची धाकटी कुठाय?" झालं! त्या दिवसापासून तिचं खरं नाव हजेरीच्या कागदापुरतं उरलं.

आणि दादा म्हणजे तिचा काय होता, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची नि तो सतराचा. त्याने शाळा सोडली आणि पुस्तकं बांधायच्या कारखान्यात उभा राहिला. "तू शीक, मी शिवतो," असं तिला म्हणाला. कागदांचे गठ्ठे शिवून, सरस लावून, पुठ्ठे चढवून त्याने तिला शिकवलं, उभं केलं. पुढे स्वतःची छोटी कार्यशाळा काढली. बोटांना सरसाचा वास कायमचा चिकटला, तो लग्नाच्या दिवशीसुद्धा गेला नाही, असं वहिनी अजून सांगते. असा हा दादा. त्याला बारा वर्षांपासून शुगर होती. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक गोळी, आणि दोन्ही घेताना तोंड असं वाकडं की जणू काही कुणी जुलमाने विष पाजतंय.

प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. वर्षभराने निवृत्त व्हायच्या होत्या. बोलायला फटकळ, पण मनात डूख धरणारी बाई नव्हे. त्यांनी सारी हयात एकाच गोष्टीमागे घालवली होती, ती म्हणजे पॉलिअमाइन. ही अगदी बारीक रसायनं असतात, प्रत्येक जिवंत पेशीत असतात, पेशी वाढायला नि दुरुस्त व्हायला लागतात. रक्तात त्यांचा साठा बहुतेक सगळा तांबड्या पेशींच्या पोटात. वरच्या पिवळ्या पाण्यात, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, त्यात नावापुरती. मोठ्या बाईंना वर्षानुवर्षं एक संशय होता: ज्याच्या प्लाझ्मात हे द्रव्य जास्त, त्याची साखर कमी राहत असावी. हे खरं निघालं, तर निदान एवढं तरी कळलं असतं की साखरेचं भय कुणाला जास्त नि कुणाला कमी.

तर त्यांनी दोनशे चाळीस माणसं गोळा केली. दर बुधवारी चोवीस जणांनी उपाशीपोटी यायचं, तीन महिन्यांनी पुन्हा एकदा यायचं. बाईंचा हुकूम होता, एकच टोचणी, एकच नळी. "लोक फुकट रक्त देतायत, त्यांना चाळण करू नका." त्यामुळे साखरही त्याच जांभळ्या झाकणाच्या नळीतून तपासायची ठरली. एरवी साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी असते, तिच्यात साखर धरून ठेवणारं औषध असतं. पण त्या औषधाने पॉलिअमाइनची तपासणी बिघडली असती. नळ्या लगेच फिरवल्या की प्रश्नच नाही, असं बाईंनी कागदावर लिहिलंही होतं: 'रक्त घेतल्यावर लगेच फिरवणे.'

आता हे 'लगेच' प्रकरण नीट ऐका. रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवून पेशी खाली आणि प्लाझ्मा वर असं वेगळं करणारं जे यंत्र असतं, त्याला तिथे सगळे चक्री म्हणत. तिला चोवीस घरं. फार वर्षांपूर्वी कुणीतरी ती अर्धवट भरून सुरू केली, तोल गेला, आणि ती बया थडथडत टेबलावरून चालत निघाली ती थेट जमिनीवर. नळ्या फुटल्या, छतापर्यंत रक्त उडालं. त्या वेळी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मास्तरांनी तेव्हापासून नियम घातला की चक्री भरल्याशिवाय फिरवायची नाही. मास्तर गेले, ती चक्रीही गेली, नवीन आली. पाण्याच्या नळ्या समोर ठेवून चार नळ्यांचाही तोल साधता येतो, हे धाकटीला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण बावीस वर्षं जे केलं तेच हात करत राहतात. तिच्या लेखी 'लगेच' म्हणजे चक्री भरली की लगेच. आणि चोविसावा माणूस येईतो साडेदहा वाजायचे. नळ्या टेबलावरच्या लाकडी घोड्यावर, म्हणजे भोकं पाडलेल्या चौकटीत, शिस्तीत उभ्या असायच्या, एकीला एक लागून.

दादा या अभ्यासात आला तो तिच्या हट्टाने. "बहीण रक्त काढणार नि भाऊ घरी बसणार, हे काय शोभतं का?" बुधवारी सकाळी पावणेसातला तो दारात हजर. धाकटीने त्याला सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसवला. घरचा माणूस, उपाशी पोटाने ताटकळायला नको, लवकर मोकळा होऊन कामाला लागेल, एवढाच विचार. नंबर एक. तीन महिन्यांनी पुन्हा आला, तेव्हाही नंबर एक.

"बाहेरच्या लोकांना काय वाटेल?" दादा म्हणाला होता.

"वाटू दे काय वाटायचं ते. मला एकच भाऊ आहे."

निकाल कुणालाच सांगायचा नाही, अगदी स्वतः रक्त देणाऱ्यालासुद्धा नाही, असा अभ्यासाचा दंडक होता. धाकटीने बावीस वर्षांत असला नियम कधी मोडला नव्हता. पण दादाचा आकडा डोळ्यांसमोर आला तेव्हा तिला राहवेना. साखर एकशे आठ! बारा वर्षांत कधी एवढी खाली आली नव्हती. आणि ते दुसरं द्रव्य तर अख्ख्या यादीत वरून तिसरं. तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"दादा, तुझ्या रक्तात ते भरपूर आहे. बाई म्हणतात तसं असेल तर तुला साखरेचं फारसं भयच नाही बघ."

"मग ती गोळी कशाला गिळतोय मी?"

"संध्याकाळची कमी करून बघायला हरकत नाही. पण डॉक्टरांना विचार."

"तो डॉक्टर तुझ्यापेक्षा मोठा का?"

आणि धाकटी हसली. खोटं कशाला बोलू, तिला बरं वाटलं. ज्याने सुईदोऱ्यावर आपल्याला वाढवलं त्याला आपण काहीतरी मोठं दिलं, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरचं नाव पुन्हा काही तिने काढलं नाही. संध्याकाळची गोळी त्या दिवशी बंद झाली. पुढच्या खेपेला आकडा आला एकशे सव्वीस. थोडा वर, पण एका गोळीवर एकशे सव्वीस म्हणजे कौतुकच की! दादाने परस्पर सकाळचीही बंद केली नि हे तिला तोंडभरून सांगितलं. तेव्हा मात्र ती चपापली. "अरे, सगळीच नको बंद करूस," म्हणाली. पण ते म्हणणं तोंडातल्या तोंडात होतं, आणि भावाने ते कानाआड केलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी वहिनीचा फोन आला.

"धाकटे, तुझा भाऊ घागरभर पाणी पितो गं हल्ली. चार-चारदा उठतो. आणि सुईत दोरा ओवायला मला हाक मारतो. हे काय लक्षण म्हणायचं?"

"वहिनी, वय झालं त्याचं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आणि पाणी प्यायलेलं चांगलंच की. शुगर ठीक आहे त्याची, मी स्वतः पाहिलीय."

"तू पाहिलीयस ना? मग झालं. माझं मेलीचं मन उगीच वाईट चिंततं."

वहिनीने फोन ठेवला. धाकटीने हात धुतले नि पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला.

अभ्यास पुरा झाला. मोठ्या बाईंनी सगळे आकडे मांडले, आणि त्यांच्या त्या करड्या चेहऱ्यावर धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा मुलीसारखं हसू पाहिलं. संशय खरा ठरला होता! पॉलिअमाइन जास्त तिथे साखर कमी, पॉलिअमाइन कमी तिथे साखर जास्त. तीन महिन्यांनी तपासलं तरी माणूस आपल्या जागेवरच. बाईंनी लेख लिहून मोठ्या मासिकाकडे धाडला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, लेख आवडला, फक्त एक लहानसा रकाना भरून पाठवा. नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता फिरवला.

"धाकटे, हे तुझं काम," बाई म्हणाल्या. "वेळा तुझ्याच वहीत आहेत. उद्यापर्यंत दे, म्हणजे माझी निवृत्ती सुखाची होईल."

गुरुवारी दुपारी धाकटी वही घेऊन बसली. रक्त घेतल्याच्या वेळा माणसागणिक लिहिलेल्या होत्या, फिरवल्याची वेळ सगळ्यांची एकच. वजाबाकी करायची नि रकान्यात लिहायची, एवढंच. नंबर एक, तीन तास पंचावन्न मिनिटं. नंबर दोन, तीन तास पन्नास. असं करत खाली चोविसाव्यापर्यंत, दहा मिनिटं. शेजारच्याच कागदावर पॉलिअमाइनचे आकडे होते. तिची नजर सहज तिकडे गेली आणि तिथेच थबकली.

आकडे वरून खाली उतरत आले होते. अगदी पायरी पायरीने नव्हे, मध्ये एखादा हट्टी वर-खाली होता, पण उतार डोळ्यांना दिसत होता. साखरेचे आकडे उलटे, खाली जाता जाता चढत गेलेले. तिने पान उलटलं. पुढचा बुधवार, तेच. त्याच्या पुढचा, तेच. वीस बुधवार तिने उलटले. ज्यांना लवकर यायची सवय ते दोन्ही खेपांना लवकरच आले होते, उशिरा येणारे दोन्ही खेपांना उशिरा. म्हणून तर माणूस जागेवर राहिला होता!

हे तिला कुणी समजवायला नको होतं. पहिल्याच वर्षी शिकवतात ते. नळीतलं रक्त मेलेलं नसतं. तांबड्या पेशी जिवंत असतात, भुकेल्या असतात, आणि नळीत उभ्या उभ्या साखर खात राहतात. जितका वेळ उभ्या, तितकी साखर कमी. आणि शिणल्या की त्यांच्या पोटातलं बाहेर झिरपतं, म्हणजे वरच्या पाण्यात पॉलिअमाइन वाढणार. त्या दोन आकड्यांना एकमेकांशी काही देणंघेणंच नसेल. दोघांनाही फक्त चक्री भरायची वाट पाहावी लागली होती.

मग तिला नंबर एक आठवला. दोन्ही खेपांचा नंबर एक. एकशे आठ म्हणजे खरी किती असेल? दीडशेच्या आसपास. एकशे सव्वीस म्हणजे एकशे सत्तर. आणि ती एका गोळीवरची. आता तर एकही नाही, आणि त्याला चार महिने झाले.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? वही मिटावी, चप्पल घालावी नि भावाचं दार गाठावं. बोटाला टोचून साखर सांगणारं छोटं यंत्र तिच्या कपाटातच होतं. ती निघालीही संध्याकाळी. कार्यशाळेच्या खिडकीशी जाऊन उभीसुद्धा राहिली. आत दादा कापणीच्या यंत्रापाशी उभा होता, चष्मा कपाळावर, कागदाचा गठ्ठा नाकाशी धरून कड बघत होता. तिने दाराला हात लावला आणि परत घेतला. म्हणे, अजून सिद्ध कुठे झालंय? आधी खात्री करू, उगीच त्याला घाबरवायला नको. माणूस स्वतःला फसवायला बसला की कारणांना काय तोटा! खरं हे होतं की तिला त्याच्यापुढे उभं राहायची लाज वाटत होती. ती घरी गेली.

शुक्रवारी सकाळी तिने मोठ्या बाईंच्या टेबलावर वही उघडून ठेवली आणि बोट फिरवत सगळं दाखवलं. बाईंनी ती पानं स्वतः पुन्हा उलटून पाहिली. मग एकदम उसळल्या.

"लगेच म्हणजे काय, हे तुला कळत नाही? मी काय परक्या भाषेत लिहिलं होतं?"

"चक्री भरल्याशिवाय फिरवत नाही आपण, बाई."

"कोण म्हणतं?"

"सगळे. मास्तरांच्या वेळपासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही कधी सकाळी साडेदहाच्या आत खाली आला नाहीत, बाई."

हे तिच्या तोंडून निसटलं, आणि दोघीही चपापल्या. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय फार लहान दिसत होते. मग त्यांनी बाही वर सरकवली.

"माझंच काढ. आठ नळ्या. एक आत्ता फिरव, बाकीच्या दर अर्ध्या तासाने. एकाच माणसाचं रक्त आहे, बघू किती माणसं निघतात त्यातून."

बाईंची शीर म्हातारी, निसटती. धाकटीचा हात त्या दिवशी कधी नव्हे तो जड पडला, नि बाईंनी ओठ आवळले. मग दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. दर अर्ध्या तासाने धाकटी एक नळी उचलायची, समोर पाण्याची नळी ठेवून तोल साधायची, चक्री फिरवायची. किती सोपं होतं ते. बावीस वर्षांत कधीही करता आलं असतं. साडेतीन तासांत बाईंची साखर ब्याण्णववरून सत्तरवर आली. बाई तिथेच बसून होत्या, चहाचा घोट घेतला नव्हता, काही खाल्लं नव्हतं, आणि टेबलावरच्या घोड्यावर त्यांची साखर एकटीच उतरत गेली.

पॉलिअमाइनची तपासणी मोठ्या यंत्रावर रात्रभर चालायची. शनिवारी सकाळी कागद बाहेर आला. आकडे नळी नळीने चढत गेले होते. बाईंनी तो कागद दिव्याखाली धरला, वाचला, पुन्हा वाचला.

"नातं खरं आहे गं," त्या म्हणाल्या. "पण ते माणसाच्या अंगातलं नाही. आपल्या टेबलावरचं आहे." त्यांनी कागदाची घडी घातली. "लेख मी परत मागवते. सोमवारी कळवते त्यांना. माझी सारी वर्षं गेली म्हणून रडत बसत नाही, पण आज मला कुणी हाक मारू नका."

"बाई, अजून एक आहे," धाकटी म्हणाली. आणि दादाचं सगळं सांगितलं. जिन्यातला फोन, संध्याकाळची गोळी, सकाळची गोळी, वहिनीने सांगितलेलं ते घागरभर पाणी.

बाईंनी ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या नाहीत.

"तुला हे कधी कळलं?"

"परवा दुपारी."

"आणि तू अजून इथे काय करतेयस?"

धाकटी धावतच निघाली. कार्यशाळेत पोचली तेव्हा दादा स्टुलावर बसून पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होता. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. वहिनी कोपऱ्यात कागद मोजत होती.

"आज इकडे कशी वाट चुकलीस?" दादा हसून म्हणाला. चेहरा केवढा उतरला होता! दोन महिन्यांत शर्ट अंगावर मोठा झाला होता. हे सगळं आधीही दिसलं असणार, पण तिने पाहिलं नव्हतं.

"बोट दे," ती म्हणाली.

"सुट्टी घे की जरा. बघावं तेव्हा सुई."

"दादा, बोट दे."

छोट्या यंत्रावर आकडा आला तीनशे एक्केचाळीस. तिने पुन्हा टोचलं, दुसऱ्या बोटाला. तीनशे छत्तीस.

"बूट का नाही घातलास?"

"अगं, दाबाच्या यंत्राचं वजन पडलं पायावर. महिना झाला असेल. लागलं काही नाही, दुखतसुद्धा नाही. तुझी वहिनी उगीच..."

वहिनी पुढे आली नि तिने मोजा उतरवला. धाकटीने खूप जखमा पाहिल्या होत्या. अंगठा नि शेजारचं बोट काळं पडलं होतं, आणि काळं वर सरकायला लागलं होतं. सरसाच्या वासात तो दुसरा वास कुणाला कळलाच नव्हता. ती तिथेच खाली जमिनीवर बसली, भावाचा पाय मांडीवर घेऊन, आणि सगळं बोलून टाकलं. चक्रीचं, पेशींचं, नंबर एकचं. मी तुला आधी बसवलं म्हणून तुझं रक्त सगळ्यात जास्त वेळ उभं राहिलं. मी तुला आकडा सांगितला, तो खोटा होता. मला गुरुवारी कळलं, मी खिडकीपर्यंत येऊन परत गेले.

वहिनीच्या हातातून कागद निसटले. "मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "धाकटे, मी तुला विचारलं होतं गं." ती टाकोटाक गाडी शोधायला बाहेर गेली.

धाकटी दादाच्या बोलण्याची वाट पाहत होती. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तरी तिने गाल पुढे केला असता. पण तो आपल्या पायाकडे कुतूहलाने बघत होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

"मला कळत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"काहीतरी बिघडलंय ते. तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे धुकं, पायऱ्या चढताना धाप. बारा वर्षांचा रोग माझा, मला नाही कळणार? अंग रोज सांगत होतं." त्याने सरसाचा कुंचला बाजूला ठेवला. "पण तुझा आकडा होता ना. धाकटी सांगते म्हणजे बरोबरच असणार. मग मी अंगालाच गप्प केलं."

धाकटीला रडू फुटलं. ते गालांवरून त्याच्या पायावर पडत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं. गाडी आल्याचं वहिनीने दारातून ओरडून सांगितलं, तेव्हा दोघींनी त्याला दोन बाजूंनी धरून उठवला.

इस्पितळात त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. शल्यचिकित्सक बाहेर येऊन म्हणाले की आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर घोट्याच्या वर कापावं लागलं असतं, दोन दिवस आधी आला असता तर कदाचित एकाच बोटावर भागलं असतं. त्यांनी ते सहज सांगितलं, त्यांना काय माहीत कुणाला सांगतोय. धाकटीने ते दोन दिवस मोजले, गुरुवार संध्याकाळ ते शनिवार. तेवढे तिचे होते, ते कुणाच्या गळ्यात घालता येणार नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात गेली. वहिनी तिच्याशी बोलत होती, पण कामापुरतं. दादा उशीला टेकून बसला होता, पायाला पांढरं गाठोडं. परिचारिका रक्त घ्यायला आली, तेव्हा तो म्हणाला, "हिला घेऊ दे. हिचा हात हलका आहे."

"नको, दादा," धाकटी म्हणाली.

"घे म्हणतो ना."

तिने घेतलं. राखाडी झाकणाची नळी, त्यावर त्याचं नाव, वेळ. परिचारिका नळी घेऊन लगेच गेली. धाकटी कापूस दाबून उभी होती. निकाल यायला अजून अवकाश होता. बावीस वर्षांत तिने हजारो दंडांना पट्टा बांधला होता. मूठ वळा, मूठ सोडा, उठा, झालं. याच्यापलीकडे तिने कुणाला काही विचारलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "कसं वाटतंय तुला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, जरा नवल वाटल्यासारखं. मग पांढऱ्या गाठोड्याकडे पाहिलं.

"हसशील," तो म्हणाला.

"नाही हसणार."

"अंगठा ठणकतोय गं. वजन पडलं तेव्हा दुखला नाही, काळा झाला तेव्हा दुखला नाही. आता नाहीय, तर ठणकतोय. डॉक्टर म्हणाले भास आहे."

धाकटी खुर्ची ओढून पलंगाजवळ बसली.

"कुठे ठणकतोय?" तिने विचारलं. "नीट सांग मला."

दादाने हात लांब करून पायापलीकडची, चादरीवरची मोकळी जागा दाखवली. धाकटीने तिथे आपला तळहात ठेवला आणि त्याचं पुरतं सांगून होईपर्यंत तो तिथून काढला नाही.